क्रँकमधल्या नळीचा हिशेब

गेल्या दिवाळीत कॉव्हेंट्रीत आम्ही चार-पाच मराठी घरे फराळाला जमलो होतो. माझ्या भाच्याच्या फोनवर एका मोटरसायकलचा फोटो होता. १९६८ ची ट्रायम्फ बॉनेविल टी१२०, लाल-चंदेरी टाकी, क्रोम इतके लख्ख की फोटो काढणाऱ्याची आकृती त्यात दिसत होती. मागणी साडेनऊ हजार पौंड. "मामा, एवढे द्यावेत का?" त्याने विचारले. मी तोंड उघडण्याआधीच आमचे एक जुने स्नेही बोलले, "अरे, अशा गाडीचा भाव करायचा नसतो. लिलावात तशीच गाडी कितीला गेली ते बघ, तेवढे मोज आणि घेऊन ये. पाच वर्षांत दीडपट होतील. आवडीच्या गोष्टीत कसला आलाय हिशेब?"

या स्नेह्यांनी चाळीस वर्षे ब्रिटिश मोटरसायकली चालवल्या आहेत. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, सगळ्यांचे तेल त्यांच्या हाताला लागलेले आहे. तरुण मुले त्यांचे ऐकतात, आणि ऐकावे असेच त्यांचे बोलणे असते. म्हणून त्या संध्याकाळी मला जे अर्धवट बोलता आले ते इथे पुरते मांडतो आहे. हे मत त्यांच्या एकट्याचे असते तर लिहायची गरज नव्हती. स्टॅफर्डच्या जुन्या मोटरसायकलींच्या मेळ्यात, गावोगावच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, आणि आता पुण्या-मुंबईतल्या रविवारच्या राइडनंतरच्या चहातही मी हेच ऐकतो.

माझे म्हणणे असे आहे. जुन्या गाडीत जे काम झाल्याचा पुरावा नाही, ते झालेलेच नाही असे धरावे, आणि त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करावा. विकणारा खोटे बोलतो असा याचा अर्थ नव्हे. त्यालाही बहुतेक वेळा माहीत नसते. पण त्याच्या अज्ञानाची किंमत मी का भरावी?

आधी लिलावाकडे वळू, कारण सगळे तिकडेच बोट दाखवतात. लिलावातला भाव म्हणजे नेमका कोणता आकडा? समजा हातोडा आठ हजारांवर पडला. घेणाऱ्याला त्यावर लिलावगृहाचे कमिशन आणि त्या कमिशनवरचा व्हॅट भरावा लागतो, म्हणजे त्याच्या खिशातून आठपेक्षा बरेच जास्त जातात. विकणाऱ्याच्या हातात त्याच्या बाजूचे कमिशन कापून आठपेक्षा कमी पडतात. एकाच व्यवहारात तीन आकडे झाले. विकणारा जाहिरातीत यातला सर्वांत मोठा आकडा सांगतो आणि घेणारा तोच बाजारभाव समजून मान डोलावतो. शिवाय घरून विकणाऱ्या माणसाने लिलावगृहाचे कमिशन भरलेले नसते. मग ते त्याला कशासाठी द्यायचे?

त्याहून महत्त्वाचे हे की लिलावाच्या हॉलमध्ये गाडी स्टँडवर उभी असते. चालवून बघता येत नाही, बऱ्याचदा किक मारून इंजिनही सुरू करता येत नाही. ब्रिटनचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा दुकानदाराकडून घेतलेल्या वस्तूला संरक्षण देतो, पण जिथे स्वतः हजर राहता येते अशा जाहीर लिलावातल्या वापरलेल्या वस्तूला ते संरक्षण लागू होत नाही. म्हणजे लिलावात ठरलेला भाव हा ज्याने इंजिनाचा आवाज ऐकलेला नाही, गिअर टाकून पाहिलेला नाही, अशा माणसाने समोरच्या दुसऱ्या तशाच माणसाशी चुरस करून दिलेला भाव असतो. तो खरा व्यवहार आहे, मान्य. पण माझ्यासमोर उभ्या असलेल्या गाडीबद्दल तो मला काय सांगतो?

आणि मग विक्रमांच्या कथा येतात. २०१८ च्या जानेवारीत लास व्हेगासला १९५१ ची एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग ९,२९,००० डॉलरला गेली. २०१६ मध्ये स्टॅफर्डला एक ब्रफ सुपीरियर, ऑस्टिनच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची, पूर्ण गंजलेली, ३,३१,९०० पौंडांना गेली. तेव्हापासून कोठारातून ओढून काढलेल्या प्रत्येक गंजक्या बीएसएच्या मालकाला आपण लक्षाधीश झालो असे वाटते. ब्लॅक लाइटनिंग जगात तीसच्या आसपास बनल्या. ऑस्टिन इंजिनाच्या ब्रफ जेमतेम दहा. आणि बॉनेविल? १९६३ पासून ट्रायम्फने ६५० सीसीची इंजिने आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये घातले, तेव्हा नंबर डीयू १०१ पासून सुरू झाले आणि १९६९ पर्यंत नव्वद हजारांच्या पुढे गेले. त्यात थंडरबर्ड आणि ट्रॉफीही आल्या, तरी बॉनेविल हजारोंनी निघाल्या, बहुतेक अमेरिकेला गेल्या आणि पुढे त्यातल्या कितीतरी कंटेनरमधून ब्रिटनला परतल्या. जी वस्तू हजारोंनी आहे तिच्या किमतीला दहा नगांच्या वस्तूचा दाखला लागू होत नाही. ही गेली तर दुसरी मिळेल, हे घेणाऱ्याचे सर्वांत मोठे बळ आहे, आणि "अशी गाडी परत मिळायची नाही" या वाक्याने तेच त्याच्याकडून काढून घेतले जाते.

आता शीर्षकातल्या नळीकडे येतो, कारण माझा सगळा वाद तिथे आहे.

ट्रायम्फच्या या जोड-सिलिंडर इंजिनाची मूळ आखणी एडवर्ड टर्नरची, १९३७ च्या स्पीड ट्विनची. त्यात आजच्यासारखा कागदी ऑइल फिल्टर नाही, तारेच्या जाळ्या आहेत. जाळीतून निसटलेली बारीक घाण, धातूची भुकटी, जळालेल्या तेलाचे काजळ, यांची सोय क्रँकशाफ्टच्या आत केली आहे. क्रँकच्या पोटात आडवे भोक आणि त्यात एक नळी. तेल टायमिंगच्या बाजूने क्रँकमध्ये शिरते, या नळीतून दोन्ही बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या बेअरिंगकडे, जाते. क्रँक मिनिटाला हजारो फेरे घेते, त्या गरगरण्याने जड घाण नळीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटते आणि स्वच्छ तेल पुढे जाते. ताक घुसळल्यावर लोणी बाजूला यावे तसे. कल्पना सुंदर आहे. पण नळी भरत जाते. भरता भरता एक दिवस तेलाची वाट बंद होते, बिग एंड कोरडे पडतात, आणि कनेक्टिंग रॉड तुटून केस फोडून बाहेर येतो.

ही नळी साफ करायची तर इंजिन फ्रेममधून काढून, पूर्ण खोलून, क्रँक टेबलावर घ्यावी लागते. तोंडावरचा स्क्रूसारखा बूच कारखान्यातच पंच मारून अडकवलेला असतो, तो बहुधा ड्रिल करून सोडवावा लागतो. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला फुल इंजिन काम म्हणतात, तेच हे. आणि बाहेरून याचा पत्ता कोणालाही लागत नाही. भरलेल्या नळीची गाडी एका किकमध्ये सुरू होते, गोड वाजते, धूर देत नाही. अनुभवी माणसाच्या कानालाही ऐकू येत नाही.

स्नेह्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "गाडी पन्नास वर्षे चालली की! कोणीतरी उघडलेच असेल." या "असेल"वर मी इंजिन-कामाचे अडीच हजार पौंड लावायला तयार नाही. उघडले असेल तर पावती असेल, फोटो असेल, जुन्या बिग एंडची शेल असेल, मेकॅनिकचे नाव असेल. यातले काहीच नसेल तर माझ्या हिशेबात ते इंजिन बंद आहे, आणि बंद इंजिनाची गाडी म्हणूनच मी तिचे पैसे देईन.

भाच्याबरोबर मी ती गाडी बघायला गेलो. पोचल्यावर पहिली गोष्ट मी केली ती सिलिंडरच्या पंख्यांवर हात ठेवण्याची. कोमट होते. आम्ही येणार म्हणून मालकाने अर्ध्या तासापूर्वी गाडी सुरू करून ठेवली होती. त्याने ते आतिथ्य म्हणून केले असेल, पण गार इंजिन किती किकमध्ये सुरू होते, सुरू होताना उजव्या नळकांड्यातून निळा धूर येतो का, क्लच पहिल्यांदा दाबला की सुटतो का, हे सगळे कळायची संधी त्यामुळे गेली. मी विनंती केली की आम्ही दोन तास गावात फिरून येतो, तोवर ती गार होऊ द्या. ते त्याला आवडले नाही. इंजिन खोलल्याच्या पावत्या मागितल्या. त्याने जाडजूड फाइल आणली. टाकीचा रंग, चाकांचे नवे रिम, स्टेनलेसचे स्पोक, सीटचे कव्हर, नळकांड्यांचे क्रोम. "एकूण सात हजार खर्च केलेत मी," तो म्हणाला, आणि तो खरे बोलत होता.

रेस्टोरेशनचा खर्च किमतीत धरावा असे मानणारे याच ठिकाणी फसतात. खर्च केला म्हणजे किंमत वाढली असे होत नाही. तो कुठे केला ते बघावे लागते. रंग आणि क्रोमने गाडी डोळ्यांना गोड दिसते, आणि डोळ्याचे पैसे मीही देईन, पण तेवढेच. इंजिनावरच्या पावतीला माझ्या लेखी दुप्पट वजन आहे, आणि तीही नीट लिहिलेली असली तर. "इंजिन पूर्ण ओव्हरहॉल" या तीन शब्दांची पावती मी मानत नाही. पिस्टन किती ओव्हरसाइझचे, बोअरिंग किती, क्रँक घासली असेल तर शेल कोणत्या मापाची, व्हॉल्व्ह गाइड बदलले का, नळी साफ केली का, हे लिहिलेले हवे. ज्याने काम केले आहे तो माप लिहितो, कारण पुढच्या वेळी त्यालाच ते लागणार असते.

नॉर्टन कमांडोचे उदाहरण यासाठी चांगले आहे. १९७२ साली नॉर्टनने तिच्या ७५० सीसीच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवून कॉम्बॅट नावाचे इंजिन काढले आणि त्याचे मेन बेअरिंग भराभर जाऊ लागले. पुढे सुपरब्लेंड नावाचे रोलर बेअरिंग घालून तो दोष गेला. आज कोणी १९७२ ची कमांडो दाखवली आणि सुपरब्लेंड घातल्याची पावती हातात दिली, तर त्या एका कागदाला मी टाकीच्या सगळ्या रंगाहून जास्त पैसे देईन. तो कागद नसेल तर गाडी कितीही देखणी असो, बेअरिंगचे काम माझ्या अंगावर आहे असे धरून मी बोलेन.

भाव ठरवण्याचा माझा हिशेब असा असतो. आकडे उदाहरणापुरते घ्या. समजा त्या सालची, नंबर जुळणारी, कागद चोख असलेली आणि आतले काम सिद्ध झालेली बॉनेविल जाणकार माणसे एकमेकांत ९,००० पौंडांना घेतात-देतात. हा आकडा जाहिरातीतून घ्यायचा नाही, कारण जाहिरात ही इच्छा असते. ओनर्स क्लबातल्या माणसांना विचारायचे, प्रत्यक्षात पैसे कितीवर हलले. मग वजाबाकी. इंजिनाचा पुरावा नाही: २,५००. गिअरबॉक्स आणि क्लच: ५००. टायरवर तारखेचे आकडे असतात, ते बघून जुने असतील तर ट्यूब-टायर आणि ब्रेकचे शू: ४००. वायरिंग: ३००. कार्ब्युरेटर दोन, आमालचे, त्यांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, आतली स्लाइड घासून ढिली होते आणि मग कितीही ट्यूनिंग करा, गाडी आयडलला टिकत नाही: २५०. बेरीज ३,९५०. राहिले ५,०५०. हीच माझी सुरुवात. पुरावा पुढे आला की त्या त्या रकमा परत मिळवायच्या. मागणी साडेनऊ आहे म्हणून "आठ देतो" अशी घासाघीस यात कुठेच नाही. मागणी किती आहे, याचा माझ्या आकड्याशी संबंधच येत नाही.

वजाबाकीत न बसणारी एक गोष्ट म्हणजे नंबर. तिथे मात्र पाचशे-हजार कमी करून भागत नाही, तिथे गाडीच बदलते. मेरिडनच्या कारखान्यातून निघालेल्या या ट्रायम्फच्या इंजिनावर आणि फ्रेमवर एकच नंबर असे. एका कार्ब्युरेटरची ट्रॉफी टीआर६ आणि दोन कार्ब्युरेटरची बॉनेविल यांचा खालचा भाग जवळपास सारखा. हेड बदला, दोन आमाल लावा, टाकी रंगवा, आणि टीआर६ चे आकडे घासून टी१२० ठोका, की झाली बॉनेविल. १९६९ च्या सुमारास कारखान्याने नंबराच्या जागी ट्रायम्फची बारीक चिन्हे पार्श्वभूमी म्हणून उमटवायला सुरुवात केली, ती असल्याच लबाडीला आळा घालायला. त्याआधीच्या गाड्यांवर ती सोय नाही. म्हणून १९६८ च्या गाडीची ती उंच चौकोनी जागा मी बोट फिरवून बघतो: पातळ झाली आहे का, अक्षरे एका ओळीत आहेत का, घासल्याच्या रेघा दिसतात का. बीएसए गोल्ड स्टारच्या बाबतीत तर याहून जास्त सावध राहावे लागते. तिच्या इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर कारखान्यातच वेगळा असे, आणि साध्या बी३१ वा बी३३ पासून बनवलेल्या नकली गोल्ड स्टार पुष्कळ आहेत. स्विंग-आर्मवाल्या अस्सल फ्रेमच्या उजव्या खालच्या नळीला ऑइल पंपासाठी एक बाक दिलेला असतो. तो बाक नसेल तर बाकी सगळी चमक तशीच ठेवून मी निघतो.

"लॉगबुक आहे ना, मग झाले," असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच, की ब्रिटनचे नोंदणीपत्र गाडी कोणाच्या नावे नोंदली आहे ते सांगते, मालक कोण हे सिद्ध करत नाही, आणि तसे त्या कागदावर छापलेलेच असते. इंजिन कोणत्या वर्षी कुठे रवाना झाले हे विचारायचे तर १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबाकडे जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या आहेत, त्यांच्या आधारे ते लेखी दाखला देतात. त्याला जेवढे शुल्क लागते त्याच्या कितीतरी पट पैसे त्या दाखल्यामुळे वाचतात.

इथे आपल्या माणसांना एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. ब्रिटनच्या जुन्या गाडीवाल्यांत भारतात रेस्टोअर झालेली गाडी हा शब्दप्रयोग सावधानतेचा इशारा म्हणून वापरला जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस आपल्याकडे राहिल्या, लिलावात निघाल्या, खेडोपाडी चालल्या. आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग मिळेनात, आणि आपल्या मिस्त्र्यांनी लेथवर जे घडवता येईल ते घडवून, बुलेटचा कार्ब्युरेटर बसवून त्या चालत्या ठेवल्या. त्या कौशल्याला माझा नमस्कार आहे. पण पुढे त्याच गाड्यांना वरून रंग चढवून, नंबर ठोकून परदेशी पाठवणारे निघाले, आणि त्यांनी त्या मिस्त्र्यांचे नाव खराब केले. पुण्यात किंवा कोल्हापुरात कोणी आज अशी गाडी घेत असेल तर हिशेब तोच, फक्त कागद आधी. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर धातूवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, त्यामुळे आता अनेक जण कागद नसलेली गाडीही "होईल नोंदणी" म्हणून विकतात. होईल तेव्हा पैसे द्यावेत.

आपल्या मुलांना या गाड्यांची ओढ का वाटते ते मला समजते. ट्रायम्फ नाव लावलेल्या चारशे सीसीच्या गाड्या आता चाकणला बनतात, नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे आहे, बीएसए महिंद्रांच्या गटाकडे. ज्या नावांकडे आमच्या पिढीने दुरून बघितले ती आता आपल्या घरची झाली. त्या ओढीवरच तर "दीडपट होतील" हे वाक्य विकले जाते.

दीडपट का होतील? बॉनेविलला भाव कोणी दिला? १९६५ साली जे अठरा वर्षांचे होते आणि ज्यांना ती तेव्हा परवडली नव्हती, त्यांनी. पन्नाशीत पैसे आल्यावर त्यांनी ती घेतली, आणि भाव चढले. आज ती माणसे ऐंशीकडे झुकली आहेत. किक मारायला गुडघा साथ देत नाही. एकेकाची गॅरेजे रिकामी होत आहेत, आणि गाड्या बाजारात येत आहेत. त्यांच्या मुलांच्या मनात होंडाची किंवा कावासाकीची आठवण आहे. दुर्मिळ गाड्या टिकतील, पण हजारोंनी बनलेली साधी गाडी पाच वर्षांत दीडपट होईल असे म्हणायला मला एकही आधार दिसत नाही. आणि समजा भाव वाढलाच, तर विमा, जागा, बॅटरी, तेल आणि ब्रिटनमध्ये २०२१ पासून सर्रास मिळणाऱ्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने खराब होणाऱ्या रबरी नळ्या, हे सगळे कोणी वजा करते का?

स्नेह्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला आहे. ते म्हणाले, "प्रत्येक जुन्या गाडीत काहीतरी अज्ञात असतेच. बाजारभावात तो धोका आधीच धरलेला असतो. तू तो पुन्हा वजा करतोस." हे वरवरचे बोलणे नव्हे. बाजार खरोखर शहाणा असता तर हेच खरे ठरले असते. पण इथे घेणारे फोटो बघून घेतात, आणि फोटोत क्रँक दिसत नाही. म्हणून भाव चमकेच्या मागे जातो. नळी साफ केलेली मळकी गाडी आणि नळी भरलेली चकचकीत गाडी यांत चकचकीतच महाग विकली जाते, हे मी वर्षानुवर्षे बघतो आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला, २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. विकणाऱ्याला जे माहीत आहे ते घेणाऱ्याला नसेल तर चांगली गाडी बाजारातून मागे सरते, असे त्याने दाखवले. आमच्याकडे तसेच होते. काम केलेली गाडी मालक क्लबातल्या मित्राला देतो, जाहिरातीत यायची तिला गरजच पडत नाही. जाहिरातीत येणाऱ्या गाडीचा पुरावा मागणे म्हणून अधिकच गरजेचे.

आणि प्रेम? आवडीच्या गोष्टीत हिशेब नसतो, हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले, कारण हिशेब मी प्रेमापोटीच मागतो आहे. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने अशीच एक ट्रायम्फ मागेल त्या किमतीला घेतली. बँकेतले होते ते सगळे घातले. चार महिन्यांनी इंजिनात ठोका ऐकू येऊ लागला. उघडायला पैसे उरले नव्हते. ती गाडी आज त्याच्या बैठकीच्या खोलीत कापड टाकून उभी आहे, सहा वर्षे. मोटरसायकलला यापेक्षा वाईट मरण नाही. विकणाऱ्याला दिलेला प्रत्येक जादा पौंड इंजिनाच्या तोंडचा घास असतो. माझ्या भाच्याने ती गाडी पाच हजारांत घेतली असती तर उरलेल्या पैशांत क्रँक टेबलावर आली असती, आणि गाडी अजून तीस वर्षे रस्त्यावर राहिली असती. साडेनऊला घेतली असती तर फक्त फोटो उरला असता.

आम्ही पाच हजार शंभर सांगितले. मालक हसला नाही, रागावलाही नाही, नाही म्हणाला. गाडी पुढच्या महिन्यात विकली गेल्याचे कळले, बहुधा मागेल त्या किमतीला. स्नेह्यांचा फोन आला, "बघ, गेली ना हातची." गेली.

या हिशेबाची दुसरी बाजू वूस्टरशायरमधल्या एका आजीबाईंच्या शेडमध्ये मला कळली. नवरा गेल्याला वर्ष झाले होते. त्याची ट्रायम्फ थंडरबर्ड कोपऱ्यात, मळकी, हँडलवर कोळ्याची जाळी. मुलाने सांगितले म्हणून त्या दीड हजार मागत होत्या. मी नेहमीप्रमाणे विचारले की इंजिनाच्या कामाचे काही कागद आहेत का. त्यांनी फळीवरून तंबाखूचा एक पत्र्याचा डबा काढला. आत ड्रिल केलेला जुना बूच, दोन घासलेल्या शेल, आणि पेन्सिलने लिहिलेला कागद: तारीख, क्रँक घासल्याचे माप, पिस्टनचे माप, नळी साफ केल्याची नोंद, बसवताना किती फूट-पौंडांनी आवळले ते. त्यानंतर ती गाडी फारशी चाललीच नव्हती.

माझ्या नियमाप्रमाणे ज्याचा पुरावा आहे ते काम झालेले आहे. मी शेडमध्येच वहीत आकडे मांडले आणि त्यांना दाखवले. बेरीज चार हजार दोनशेवर आली. त्यांनी दोनदा वाचली आणि मुलाला फोन लावला. मी तेवढेच दिले. कागद मला दिलात तर बरे होईल, पुढच्या वेळी मापे लागतील, असे म्हटल्यावर त्यांनी तो चहाच्या टेबलावर बसून दुसऱ्या कागदावर उतरवून दिला. पेन्सिलचा मूळ कागद आणि डबा त्यांनी परत फळीवर ठेवला.